रेक्स, पंखा!

बायको व्हर्ना वारून वर्ष व्हायच्या आत रेक्स नोस्कीने बाई ठेवली, आणि तीही घरात नाही तर परसातल्या शेडमध्ये, ही बातमी ऑस्ट्रेलियातल्या आमच्या रेनमार्क गावात पहिल्यांदा कोणी सोडली असं विचारलंत तर आमच्या रस्त्यावरची सगळी बोटं माझ्याकडे वळतील. वळू देत. बातमी माझीच होती. पण मी ती फक्त बेकरीतल्या डॉटला सांगितली होती, तीही 'कोणाला बोलू नकोस' असं बजावून. पाण्याच्या टाकीवर चढून भोंग्यातून ओरडले असते तर जरा उशिरा पसरली असती, एवढंच.

पुरावा होता माझ्याकडे. रेक्सच्या आणि आमच्या परसाला मिळून एकच पत्र्याचं कुंपण आहे, आणि पत्र्याला कान नसले तरी मला आहेत. रोज दुपारी तीनच्या सुमारास, जेव्हा उन्हाने कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात, पलीकडच्या शेडमधून बारीक घूं घूं यायची. केस वाळवायच्या यंत्रासारखी. आता रेक्सच्या डोक्यावर वाळवण्यासारखं काही उरलेलं नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. त्यात मधूनच त्याचा आवाज. "बघ, इथून जोडलं तर?" मग गप्प. मग, "नाही ना पटत? मला माहीतच होतं तुला पटायचं नाही." चौऱ्याहत्तर वर्षांचा विधुर, केस वाळवायचं यंत्र आणि काही म्हणता काही न पटणारी बाई. याहून जास्त पुरावा कोर्टातसुद्धा मागत नाहीत.

चौथ्या दिवशी जर्दाळूचा केक केला आणि मी निघाले. माझा नवरा मर्व म्हणाला, "केक कोणासाठी?" मी म्हटलं, "शेजारधर्मासाठी." मर्व टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "शेजारधर्माला चष्मा पण घेऊन चाललीस?"

शेडचं दार सताड उघडं होतं. आत बाई नव्हती. मी दारामागेही बघितलं, मला कसली लाज. बाई सोडा, मांजरसुद्धा नव्हतं. टेबलावर लाकडाच्या ठोकळ्यावर चढवलेली एक गाडी होती, रिमोटवर पळते ती, हातभर लांबीची. वरचं रंगीत कवच काढून बाजूला ठेवलेलं. उघड्या पोटात काड्यापेटीएवढे दोन पंखे फिरत होते, घूं घूं. आणि समोर स्टुलावर रेक्स, हात गुडघ्यांवर, देवळात... नाही, आमच्याकडे म्हणायचं तर लुथरन चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतात तसा बसलेला. गाडी बंद होती. चाकं हलत नव्हती. नुसते पंखे फिरत होते आणि तो ऐकत होता.

"कोण आहे इथे?" मी विचारलं.

"कोण असायला हवं होतं?"

"तू बोलत होतास कोणाशी तरी."

त्याने स्क्रूड्रायव्हर गाडीकडे रोखला. "व्हर्नाच्या गाडीशी."

झालं. मला परत बेकरीत जाऊन डॉटला सांगावं लागलं की बाई नाही, गाडी आहे. तिचा चेहरा पडला. सोडलेली बातमी धावत जाते, मागे घेतलेली बातमी मात्र काठी टेकत निघते. नदीपलीकडे पारिंगाला अजूनही लोक मला विचारतात, "काय गं कोलीन, रेक्सची ती कशी आहे?"

तर गाडी व्हर्नाची होती. हे नीट सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं खेळण्यातल्या गाड्या म्हणजे पुरुषांचा नाद. व्हर्ना शाळेच्या कँटीनमधून निवृत्त झाली त्या वर्षी गाड्यांच्या क्लबात सॉसेज भाजायला गेली होती. कांदा कापता कापता कोणीतरी गमतीने तिच्या हातात रिमोट दिला. पाच मिनिटांनी परत मागितला तर देईना. एकसष्ट वर्षांची बाई, उंचीने एवढीशी, चालकांच्या मचाणावर उभी राहिली तर कठड्यापलीकडचं दिसेना, म्हणून रेक्सने तिला दुधाचा क्रेट पालथा करून दिला. त्या क्रेटवरून तिने अकरा वर्षं भल्याभल्यांना धूळ चारली. शर्यतीत तिच्या तोंडी जी भाषा असायची ती कँटीनमधली नव्हती.

रेक्स गाडी चालवत नसे. तो खाली, टेबलापाशी. एकतीस वर्षं त्याने नदीवरच्या पंपघरात काढली होती. संत्र्याच्या आणि द्राक्षाच्या बागांना पाणी जातं ते त्याच्या पंपांनी. मोटर या वस्तूबद्दल त्याला जेवढं कळतं तेवढं मला शेजाऱ्यांबद्दल. आणि मोटरबद्दल त्याचं एकच मत होतं, जे तो कोणी विचारलं नाही तरी सांगायचा. "धावते तेव्हा वारा लागतो. खरी तापते ती थांबल्यावर."

आमच्या उन्हाळ्यात या गाड्यांना पंखा लागतोच. बाहेर बेचाळीस-चव्वेचाळीस अंश, खाली तापलेली माती, वर प्लास्टिकचं कवच. आतली मोटर भाजून निघते. पंखा सगळेच लावतात. भांडण होतं ते पंख्याला वीज कुठून पाजायची यावरून, आणि या शहाण्या माणसांची या विषयावर तीन तीन तास भांडणं मी सॉसेज खात ऐकली आहेत. बहुतेक जण पंख्याची वायर रिसीव्हरमध्ये खुपसतात, म्हणजे रिमोटचा हुकूम ऐकणारी आतली ती छोटी डबी असते तिच्यात. सोपं काम. गाडीचा स्विच बंद केला की पंखाही बंद. रेक्सला ते नामंजूर. त्याची वायर थेट मोठ्या बॅटरीवर. गाडीचा स्विच बंद केला तरी पंखा आपला फिरतोय, तापलेली मोटर निवेपर्यंत. मग प्लग हाताने उपसायचा.

आणि रेक्स तो उपसायला विसरायचा. दर वेळी. शर्यत संपली की तो दुसऱ्यांच्या गाड्यांत डोकं घालायला निघून जायचा. बॅटरी पार रिकामी झाली की ती मरते, पुन्हा जिवंत होत नाही, हे त्यालाच सगळ्यांत चांगलं माहीत, तरी विसरायचा. मग मचाणावरून, क्रेटवर उभी राहून, व्हर्ना ओरडायची.

"रेक्स, पंखा!"

काय आवाज होता! नदीतल्या घरबोटींवर लोक दचकायचे. रेक्स अर्ध्यातून वळायचा, गुडघा सांभाळत परत यायचा, प्लग उपसायचा आणि कपाळाला बोट लावून वर सलाम ठोकायचा. अकरा वर्षं, महिन्यातले दोन रविवार. गावात ती म्हणच झाली. मी इस्त्री चालू ठेवून गप्पा मारत बसले की मर्व आतून ओरडणार, "रेक्स, पंखा!"

गेल्या जूनमध्ये व्हर्ना गेली. छातीत काहीतरी निघालं आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. पोरंबाळं नाहीत. रेक्सची एक बहीण गॉलरला असते, तिला आता गाडी चालवता येत नाही. फ्यूनरलला सगळा क्लब आला होता, आणि मग सगळा क्लब घरी गेला.

मी कुंपणापलीकडची, मला सगळं दिसतं. तेव्हापासून रेक्सच्या फोनची घंटा मी दोनदा ऐकली, दोन्ही वेळा कोणी सोलर पॅनल विकत होतं. दुसऱ्या वेळी रेक्सने त्याला वीस मिनिटं बोलतं ठेवलं, शेवटी त्या विकणाऱ्यानेच फोन ठेवला. त्याच्या मोटारीतली बाजूची सीट अजून पुढे ओढलेली आहे, व्हर्नाचे पाय पोचावेत म्हणून. मला एकदा दवाखान्यात सोडलं तेव्हा मी गुडघे हनुवटीला लावून बसले आणि म्हटलं, "रेक्स, ही सीट मागे होते का?" तर म्हणाला, "होते." आणि गाडी सुरू केली. डॉट सांगते, शनिवारी एकच पेस्टी घेतो, ती मांस-बटाट्याची मोठी करंजी, आणि ती मधोमध कापून मागतो. दोन्ही अर्धे स्वतःच खातो, मी विचारून ठेवलंय.

क्लबला जाणं मात्र त्याने सोडलं नाही. आता गाडी तोच चालवायला लागला, आणि काय सांगू, वाईट चालवायचा. वळण आल्याचं त्याला कळेपर्यंत गाडी गवतात. पण जायचा, कारण तिथे लोक त्याच्याशी बोलायचे. "टायर कुठले?" "बॅटरी किती वेळ टिकते?" बोलणं असतं ना ते. आणि शर्यत संपली की पंखा फिरत राहायचा. कोणी ओरडत नसे. लोकांना वाटलं असेल, ती हाक आपण कशी मारायची? मीही नाही मारली. मी तर फक्त सॉसेज खायला जायचे.

ऑगस्टमध्ये एक बॅटरी गेली, सप्टेंबरात दुसरी. ऑक्टोबरात तिसरी गेली ती वाजत गाजत गेली. रेक्सने ती मेलेली बॅटरी तशीच क्लबच्या टेबलावर चार्जिंगला लावली आणि चहा प्यायला गेला. बॅटरी बेडकासारखी फुगली आणि धूर ओकायला लागली. मॅनीने, म्हणजे क्लबचा अध्यक्ष मॅनी कालिव्हास, टायरचं दुकान आहे त्याचं, त्याने वाळूची बादली ओतली म्हणून टेबलावरच भागलं. पुढच्या बैठकीत नियम झाला: यापुढे पंख्याची वायर थेट बॅटरीवर चालणार नाही. गाडीचा स्विच बंद झाला की पंखा बंद झालाच पाहिजे, नाहीतर ती गाडी धावणार नाही. नियमात कोणाचं नाव नव्हतं. लागत नव्हतं.

रेक्सने डिसेंबर-जानेवारीत गाडी नेलीच नाही. जायचा, बघायचा, परत यायचा. पण मॅनी मनाने चांगला. त्याने व्हर्नाच्या नावाने एक ढाल करवली होती, नदीकाठच्या रेड गम निलगिरीच्या लाकडाची, वर पितळेची पट्टी. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी तिची पहिली शर्यत. पत्रक आमच्याही पेटीत आलं. आणि रेक्सने ठरवलं की व्हर्नाच्या ढालीसाठी व्हर्नाची गाडी धावणार.

"जिंकायची नाही मला," त्या केकच्या दुपारी तो म्हणाला. "शेवटपर्यंत धावायला हवी. तिच्या नावाची शर्यत आणि तिची गाडी शेडमध्ये पडून, असं होणार नाही."

म्हणून ती रोज दुपारची घूं घूं. नियमात बसेल अशी पंख्याला वीज कशी द्यायची, ते तो गाडीला विचारत होता आणि गाडीला पटत नव्हतं.

त्या दिवसापासून मीही जाऊन बसायला लागले, रंगाच्या उलट्या डब्यावर. मी कामाला जाते त्या संत्र्यांच्या पॅकिंगचा हंगाम नव्हता, घरी मर्व होता, त्यापेक्षा शेड बरी. पहिल्याच दिवशी रेक्सने वायर रिसीव्हरमध्ये खुपसली, सगळे खुपसतात तशी. आम्ही गाडी रस्त्यावर काढली. सरळ झकास गेली. आमच्या टपालपेटीपाशी त्याने वळवली आणि गाडीला वेड लागलं. रिमोट ऐकेना, वळेना, तशीच सुसाट आमच्या जिरेनियमच्या वाफ्यातून आरपार जाऊन मर्वच्या नडगीवर. मर्व बाहेर आरामखुर्चीत झोपला होता. त्याने जे उच्चारलं त्यावरून व्हर्नाची आठवण झाली.

"काय झालं?" मी विचारलं.

"एकाच नळावर दोन बागा," रेक्स म्हणाला. गाडी उचलून तिच्यातली फुलं काढत होता. "वळताना पुढची चाकं फिरवायला जास्त वीज लागते. पंखे आधीच ओढत असतात. खालच्या बागेने व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की वरच्या बागेच्या नळाला थेंब नाही. रिसीव्हरला क्षणभर पाणीच मिळालं नाही. तेवढ्यात तो मेला आणि परत जागा झाला."

"मग जास्त पाणी देणारा भाग बसव नवा."

"गाडी तिची आहे. आतलं बदलणार नाही."

"मग पंखेच काढून टाक."

"चव्वेचाळीस अंशांत? पाच मिनिटांत मोटरचा टोस्ट."

"मग बाबा, बॅटरी आणि पंख्याच्या मध्ये एक साधा स्विच बसव, गाडीच्या स्विचला चिकटूनच! शर्यत संपली, एकाच बोटाने टिक, दोन्ही बंद. नियमात बसतं ना?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या चहात टोमॅटो सॉस ओतला. "स्विच टिकत नाही. गाडी उडाली, आदळली की हलतो. शर्यतीत मध्येच पंखा बंद, आणि मला वर मचाणावर कळणार कसं?"

मला पटलं. पंपवाल्या माणसाला मी काय शिकवणार.

आठवडाभर त्याने काय काय करून बघितलं. एकच पंखा लावला, तर मोटर हात लावू देईना. पंख्याला वेगळी छोटी बॅटरी लावली, तर वजन एका बाजूला गेलं आणि गाडी प्रत्येक उंचवट्यावर लोळण घ्यायला लागली. शेवटी वायर जिथे अकरा वर्षं होती तिथे, थेट मोठ्या बॅटरीवर परत गेली, आणि आम्ही दोघं मॅनीच्या टायरच्या दुकानात. मी कशाला? अहो, मग मला कळणार कसं काय झालं ते?

मॅनी एका ट्रॅक्टरच्या टायरशी झोंबत होता.

"रेक्स, नियम काही तुझ्यासाठी नाही केलेला," तो म्हणाला.

"मग कोणासाठी केला?"

मॅनीने टायरकडे बघितलं. टायर काही बोलेना.

"हे बघ गड्या, एक साधा स्विच बसव. मी स्वतः आणून देतो."

"हलतो स्विच."

"माझ्या गाडीचा मुख्य स्विच तर हलला नाही कधी."

"तू उडवतोस कुठे? तू तर गाडी फिरायला नेतोस."

मी हसले. मॅनीही हसला, आणि तिथेच तो फसला. हसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. कपाळ पुसून म्हणाला, "बरं. त्या एका दिवसापुरतं. पण तुझ्यावर सोडणार नाही मी. एक जबाबदार माणूस दे. गाडी आत आली की तुला हाक मारायची, आणि तू आला नाहीस तर स्वतः प्लग उपसायचा. नाव आणि सही, शनिवार दुपारपर्यंत. नाव नाही तर गाडी नाही. व्हर्नाची असली तरी."

म्हणजे आता वायरचा प्रश्न सुटला आणि माणसाचा उभा राहिला. एक नाव. एका माणसाचं नाव लिहायचं होतं फक्त.

मंगळवारी कागद टेबलावर होता. बुधवारीही तिथेच. वर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलं, नाव काही उमटलं नाही. मी रोज जाऊन बसायचे, रंगाच्या डब्यावर, आणि वाट बघायचे की हा आता मला विचारेल. विचारेना. मी पण कमी हट्टी नाही. का म्हणून आपणहून म्हणावं?

गुरुवारी मी म्हटलं, "डॉटचं नाव लिही. तिचा आवाज मोठा आहे."

"ओरडेल ती. पण दुसरीच काहीतरी बातमी."

"मग बहिणीचं?"

"तिला ऐकू येत नाही."

"ऐकायचं तुला आहे, ओरडायचं तिला."

"बसने यावं लागेल तिला. पाय सुजतात." मग थोडा वेळ गाडीचं चाक नुसतंच फिरवत राहिला. "क्लबातले सगळे आपापल्या गाड्यांत असतात गं. त्यांना कशाला."

मी मोजलं नव्हतं, पण तेव्हा लक्षात आलं. चौऱ्याहत्तर वर्षं एकाच गावात काढलेल्या माणसाकडे लिहायला नाव नव्हतं. सगळ्या बागांना पाणी पाजलेलं त्याने. रस्त्यात भेटला तर प्रत्येक जण हात वर करतो, 'कसं काय रेक्स', आणि उत्तर यायच्या आत पुढच्या वळणाला.

शनिवारी सकाळी मी सरळ जाऊन पेन घेतलं आणि माझं नाव लिहिलं. कोलीन बॉटरिल. खाली ठसठशीत सही.

रेक्सने चष्मा चढवून वाचलं. "तू बोलायला लागलीस की तुला भान राहत नाही. तू विसरशील."

"मी? वीस वर्षांत मी कोणाचं काही विसरलेले नाही."

"ते खरं," तो म्हणाला.

मग माझी तालीम. परसात मला लिंबाच्या झाडाखाली उभं केलं आणि स्वतः शेडच्या दारात.

"रेक्स, पंखा."

"तू खाटकाकडे चॉप्स मागते आहेस."

"रेक्स! पंखा!"

"दोन तुकडे नकोत. एकात. आणि रागाने. मी अकराव्यांदा विसरलोय असं समज."

मी डोळे मिटले, मी घासलेल्या फरशीवरून ओल्या बुटांनी गेलेला मर्व आठवला आणि पोटातून ओरडले. "रेक्स, पंखा!"

निलगिरीवरचे सगळे गुलाबी काकाकुवे एकदम उडाले. कुत्री भुंकायला लागली. रेक्स वळला आणि टेबलावरचं फडकं घडी करायला लागला. चार घड्या घातल्या, उलगडलं, परत चार घातल्या.

"बास," म्हणाला. "एवढं पुरे."

रविवारी त्रेचाळीस अंश. ट्रॅकवर पाइपने पाणी मारलं तर मातीने ते गिळून ढेकर दिली. दहा गाड्या, पंधरा मिनिटं. आमच्याकडची रीत अशी की आधीच्या शर्यतीत धावलेल्यांनी पुढच्या शर्यतीत कोपऱ्याकोपऱ्यांवर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. रेक्सची गाडी पहिल्याच फेरीत उलटली तेव्हा क्लबातल्या ज्या नर्सबाईने ती उचलली तिने चाकं पुसून, दोन्ही हातांनी, अंडं ठेवावं तशी खाली ठेवली. मचाणावर दुधाचा क्रेट तसाच पालथा पडलेला होता. रेक्स उंच, त्याला क्रेट लागत नाही. तो क्रेटच्या शेजारी उभा राहिला. गर्दी होती वर, एकमेकांना कोपरं लागत होती, पण क्रेटची जागा कोणी घेतली नाही.

गाडी शेवटची होती, पहिल्या मिनिटापासून. तिला कसली घाई नव्हती. आठव्या मिनिटाला मॅनीची गाडी मध्येच थांबली, मोटर भाजून, पांढरा धूर. त्याचा पंखा रिसीव्हरवर होता आणि केव्हाच बंद पडला होता, म्हणे. मी काही बोलले नाही. म्हणजे मॅनीला नाही बोलले. बाकी सगळ्यांना सांगितलं.

भोंगा वाजला. ढाल शेजारच्या बेरी गावच्या एका माणसाने जिंकली. रेक्सची गाडी नववी आली, नऊमधली, पण आली. आपल्या चाकांवर टेबलापाशी येऊन थांबली. शेवटपर्यंत धावली. त्याला हवं होतं तेवढं झालं.

आणि मी विसरले.

खरं सांगते. डॉट शेजारी येऊन उभी राहिली आणि ढालीवाल्याच्या बायकोबद्दल असं काही सांगायला लागली की मला टेबलाकडे पाठ करावी लागली, नाहीतर ती बाईच समोर दिसत होती. मागे घूं घूं चालू होती, ती कानावर पडत होती, पण कानांना काम दुसरंच होतं. मचाण रिकामं झालं. एकेक जण खाली उतरला, पाण्याच्या बाटल्या उघडल्या, हशा चालू झाला. केव्हातरी मी सहज वर बघितलं.

रेक्स वरच होता. एकटा, क्रेटशेजारी, हातात रिमोट. गाडीकडे बघत होता. त्याला पंखे ऐकू येत होते, मी उभी होते तिथपर्यंत मला येत होते म्हणजे त्याला येणारच. तो विसरला नव्हता. दुसऱ्यांच्या गाड्यांत डोकं घालायलाही गेला नव्हता. नुसता उभा होता.

मी डॉटचं वाक्य तसंच टाकलं, तोंडाशी हात धरले आणि ओरडले.

"रेक्स, पंखा!"

सॉसेजवाल्याचा चिमटा हवेत राहिला. कोणीतरी टोपी काढली, मग उन्हामुळे परत घातली. रेक्स जिन्याने उतरला, एकेक पायरी, गुडघा सांभाळत. टेबलापाशी आला. प्लग उपसला. घूं घूं उतरत उतरत थांबली.

त्याने कपाळाकडे बोट नेलं, पण अर्ध्यातच हात खाली घेतला.

"उशीर केलास," मला म्हणाला.

"किती?"

"तीन मिनिटं. व्हर्नाला कधी दहा सेकंदांच्या वर लागली नाहीत."

"व्हर्नाच्या शेजारी डॉट नव्हती."

"होती," तो म्हणाला. "व्हर्ना तिला गप्प बस म्हणायची."

सोमवारी दुपारी मी केकचा डबा परत आणायला गेले. म्हणजे डब्याचं निमित्त. कुंपणापलीकडे घूं घूं नव्हती, आणि ती नाही म्हणून मला चैन पडेना. रेक्स गाडीतली माती ब्रशने काढत होता. म्हणाला, "त्या खणातून चिकटपट्टी दे."

मी चुकीचा खण उघडला. मुद्दाम नाही. बरं, थोडासा मुद्दाम. आत स्क्रू, जुन्या चाव्या, व्हर्नाचा वाचायचा चष्मा आणि एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीत नखाएवढा स्विच. दोन्ही बाजूंनी वायर सुरेख डाग देऊन जोडलेली, वर काळी नळी चढवलेली, टोकांना प्लग. एक टोक बॅटरीच्या प्लगला बसेल असं, दुसरं पंख्याच्या. पिशवीवर बेरीतल्या त्या खेळण्यांच्या दुकानाची चिठ्ठी, जे बंद होऊन नऊ वर्षं झाली.

"हे काय आहे?"

रेक्सने वर बघितलं नाही. "स्विच."

"ते दिसतंय मला. केव्हा केलास?"

"गाडी घेतली त्या वर्षी."

"हलतो म्हणालास ना? सुटतो? मध्येच पंखा बंद?"

"हा नाही हलायचा. चांगला आहे." ब्रश चाकाच्या आतून फिरवत होता. "दोन मिनिटांत बसतो."

"व्हर्नाला माहीत होतं?"

"तिनेच आणलेला. बसवतोस का, बसवतोस का म्हणून अकरा वर्षं विचारत होती."

मी उठलेच डब्यावरून. "अरे खोटारड्या! मला त्रेचाळीस अंशांत उभं केलंस, माझा घसा बसवलास, मॅनीपुढे नाक घासलंस, तीन बॅटऱ्या मारल्यास, आणि हा इथे खणात पडून? सगळ्यांना सांगते मी! डॉटला सांगते!"

त्याने ब्रश ठेवला. हात फडक्याला पुसला, माझ्या हातातून पिशवी घेतली, होती तशी चष्म्याशेजारी ठेवली आणि खण लावून घेतला.

"स्विच हाक मारत नाही, कोलीन," तो म्हणाला.